शिटी ऐकू आली नाही तर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक आणि आपलं भविष्य' असा विषय सुचवला होता. मी म्हटलं, भविष्याबद्दलचे मेसेज आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला येतातच. मी कुकरवर बोलते. फोनवर क्षणभर कोणी काही बोललं नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत, त्याबद्दल आभार.

कुकरच का, ते सांगते. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी ज्यांच्या ज्यांच्याशी बोलणं झालं, त्या बहुतेकांच्या घरी एकच गोष्ट चालू आहे. आपण पुण्यात, मुंबईत, कोणी बंगळुरूला, कोणी परदेशात. आई-वडील इथे शिरूरला, नाहीतर तिकडे दौंडला. मग एक दिवस फोन येतो. दूध उतू गेलं, गॅस तसाच राहिला, कुकर जळला. आणि आपण सगळे एकाच सुरात म्हणतो, "आता पुरे झालं, डबा लावा."

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, शिरूरच्या घरात एकटी राहते. मागच्या पावसाळ्यात तिने वरणभाताचा कुकर लावला आणि पुढच्या खोलीत मेथी निवडायला बसली. शिट्या झाल्या, तिला ऐकू आल्या नाहीत. पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. शेजारच्या काकू जळका वास आला म्हणून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. कोणाला काही झालं नाही. माझ्या भावाने त्याच रात्री डबा ठरवून टाकला.

डबा चांगला होता. पण तीन आठवड्यांत आई वेगळीच दिसायला लागली. सकाळी उशिरा उठायची. मंडईत जाणं बंद, कारण भाजी आणून करायचं काय? काकूंकडे जाणारी आमटीची वाटी बंद, त्यामुळे तिकडून येणारीही बंद. "आज काय केलंस?" हा आमच्या फोनवरचा वर्षानुवर्षांचा पहिला प्रश्न, तोही संपला. एकदा म्हणाली, "अगं, जेवते मी वेळेवर. पण भूक अशी लागतच नाही." तेव्हा मी चार दिवस रजा टाकून शिरूरला आले आणि ऑफिसात एखादी प्रणाली बंद पडली की जसं एकेक धागा धरून मागे जाते, तशी त्या स्वयंपाकघरात बसले.

पहिला धागा कानाचा. आई समोर बसून नीट गप्पा मारते, मग शिटीच का ऐकू येत नाही? कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वयाने ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बोलण्याचा बराचसा भाग खालच्या पट्टीत असतो, म्हणून गप्पा चालू राहतात. कुकरची सणसणीत शिटी मात्र निसटते. आता गंमत ऐका. मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी, असल्या यंत्रांची ती 'टीं टीं' साधारण दोन ते चार हजार हर्ट्‌झची असते. म्हणजे नेमकी आईच्या कानातून गेलेल्या पट्टीतली. आपण मुलं मोठ्या हौसेने महागाचं यंत्र घरी पाठवतो, आणि तिच्यासाठी ते शिटीइतकंच मुकं असतं. (श्रवणयंत्र घेतलं आहे. ते ती देवळात जाताना लावते.)

म्हणून मी एकच अट धरली. काम झालं की यंत्राने कोणाला हाक मारायची नाही, आपलं आपण बंद व्हायचं.

अशी यंत्रं आहेत, आणि त्यांतलं सगळ्यात साधं मला सगळ्यात आवडतं: विजेचा भात-कुकर. त्यात संगणक नाही. भांड्याच्या तळाशी एक चुंबक असतो. जोवर पाणी शिल्लक आहे, तोवर तळाचं तापमान पाणी उकळतं त्याच्या फारसं वर जात नाही. पाणी संपलं की ते चढायला लागतं, आणि शंभरच्या थोडं वर गेलं की चुंबकाची ओढ सुटते, खटका पडतो, वीज बंद. पाणी संपणं हीच सूचना. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे, पण इतक्या कमी सामानात इतकं खात्रीचं काम केल्याचं मला आठवत नाही.

पण भाताने भागत नाही. बाईंनी शाळेत चंबूचा प्रयोग दाखवला होता, आठवतो? पाणी उकळून बूच लावायचं, चंबू उलटा करून वर गार पाणी ओतायचं, की आतलं पाणी पुन्हा उकळायला लागतं. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. शिरूर-दौंड समुद्रसपाटीपासून पाच-साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यात पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. प्रेशर कुकरमध्ये ते एकशेवीसच्या जवळ जातं. त्यात आपल्या बोअरचं क्षारांचं पाणी. त्यातल्या कॅल्शियमने डाळीच्या दाण्यातलं पेक्टिन आवळून धरलं जातं आणि तूरडाळ तासभर उकळली तरी टणक राहते. आई डाळीला पिण्याच्या जारचं पाणी घालते. कारण कोणी सांगितलं नव्हतं, अनुभवाने.

म्हणजे डाळीला दाब हवाच. मग तळ इंडक्शनला चालेल असा तीन लिटरचा कुकर घेतला आणि वेळ लावता येणारी शेगडी. दोन दिवस वही घेऊन बसले. तेवढीच डाळ, तेवढंच पाणी, तीच आच. आईच्या पसंतीचं वरण अठरा मिनिटांत होतं. अठरा मिनिटांनी शेगडी बंद. शिट्या किती झाल्या, याची चौकशी कोणी करायची नाही. शेगडीवरची बारीक इंग्रजी अक्षरं तिला दिसत नाहीत, तर त्यावर उपाय तिनेच काढला. कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे चालू, हिरवी म्हणजे वेळ.

गॅस काढलेला नाही. पोळ्या, बाजरीच्या भाकरी, फोडणी गॅसवरच, कारण तिथे ती समोर उभी असते. धोका असतो तो लावून दुसऱ्या खोलीत जाण्याच्या पदार्थांचा. आणि मध्येच वीज गेली तर डाळ कच्ची राहते, एवढंच.

वीज फारच जाते अशा घरांसाठी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. पुण्यातल्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याची पद्धत बसवली. २००२ मध्ये त्या कामाला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आपल्या दोन्ही तालुक्यांत हे पाचट शेतातच पेटवून देतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच संस्थेचा 'सराई' कुकर आहे: खाली छोटी शेगडी, वर थोडं पाणी आणि एकावर एक भांडी. शंभर ग्रॅम कोळशात पाच माणसांचं वरण, भात, भाजी वाफेवर होते. न्हावऱ्याला माझ्या मावशीकडे तो आहे. ती कोळसा पेटवते आणि शेतात जाते. कोळसा संपतो तसा स्वयंपाकही संपतो, बंद करायला कोणी लागत नाही. फक्त तो पडवीत किंवा अंगणात ठेवायचा. बंद खोलीत कोळशाचा धूर जीवघेणा.

सासर माझं दौंडचं. तिथला प्रश्न वेगळा. सासूबाईंना सगळं ऐकू येतं, पण बोटांच्या सांध्यांमुळे कुकरचं झाकण फिरत नाही. त्यामुळे सध्या कुकर आमचे सासरे लावतात. अण्णा रेल्वेत ड्रायव्हर होते, वाफेच्या इंजिनावर सुरुवात केलेले. बायकोच्या स्वयंपाकघरात ते वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा शिरले आणि पहिल्याच दिवशी व्हॉल्व्हची तपासणी केली! त्यांना मी सांगितलं की डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत जे भांडं दाखवलं, ते आपल्या कुकरचं मूळ, आणि त्याच्यासाठी त्याने केलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पुढे बॉयलरला आला. अण्णा म्हणाले, "म्हणजे आमचं इंजिन तुमच्या कुकरच्या घराण्यातलं." तेव्हापासून त्यांचा कुकरवरचा हक्क वाढला आहे.

त्यांचा एक निरोप पोचवते. व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग कोपऱ्यावर मिळेल ती घेऊ नका, ज्या कंपनीचा कुकर तिचीच घ्या. कुकरवर आयएसआयची खूण बघा. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरना ती सक्तीची आहे. आई-वडिलांचा कुकर त्याच्या आधीचा असेल, बहुतेकांचा असेलच, तर या वेळी घरी गेलात की उचलून व्हॉल्व्ह उजेडात धरून बघा.

अठरा मिनिटांचा तो कुकर आणि शेगडी मी गाडीतून आणली आहे. जेवणानंतर मागच्या बाकांपाशी ठेवते, ज्यांना हाताळून बघायचं त्यांनी या. टिकल्यांची पाकिटंही आहेत. आणि आईने पहाटे उठून त्यातच मसालेभात करून दिला आहे. तो आधी सर आणि बाईंना. उरला तर आपल्याला.