आदेश झाला, पैसा कोठे?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घरखरेदीदाराला आधार दिला. २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’ प्राधिकरण कार्यरत आहे. नोंदणी टाळणाऱ्या विकासकास प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, आदेश डावलणाऱ्यास ५ टक्क्यांपर्यंत दंड! शस्त्र धारदार खरे. परंतु ग्राहकाची रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश विकासकाने धुडकावला, तर प्राधिकरण स्वतः जप्तीस जात नाही. कलम ४० अन्वये ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मग तहसीलदाराने मालमत्ता शोधावी, जप्त करावी, लिलाव पुकारावा. तोवर गृहकर्जाचा हप्ता आणि घरभाडे एकाच पगारातून! म्हणून अर्जदाराने विकासकाच्या जमिनीचे सातबारे, न विकलेल्या सदनिकांचा तपशील स्वतःच तहसील कार्यालयात नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी.