सोडलेल्या माशाचा हिशेब



मासेमारीचे नियम हा विषय रुक्ष वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण त्यातली एक उणीव आपल्या नद्यांच्या मुळावर आली आहे आणि आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे. पाण्यातून काय काढले याची आपले कायदे कसून चौकशी करतात. पाण्यात काय सोडले, हे ते जवळजवळ विचारतच नाहीत.

याला इतिहास आहे. १८९७ साली इंग्रज सरकारने भारतीय मत्स्य अधिनियम केला, तेव्हा चिंता होती ती सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारणाऱ्यांची. त्या दोन्ही गोष्टींना बंदी झाली. जाळ्याचा आस किती असावा, प्रवाहात बांध घालावा का, कोणत्या काळात मासेमारी बंद असावी, याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. पुढे १९६० साली महाराष्ट्राने स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. समुद्रासाठी १९८१चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. २०२१मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी ओढणाऱ्यांचा दंड लाखांच्या घरात गेला. चाळीस वर्षांनी का होईना, समुद्राच्या कायद्याकडे लक्ष गेले याचा मला आनंदच आहे. पण विचाराची चाकोरी तीच राहिली: पकडायचे कोणी, कशाने आणि केव्हा.

ही चाकोरी अपुरी का पडते, हे समजायला आपल्याला कावेरीवर जावे लागेल. त्या कथेची सुरुवात मात्र आपल्या लोणावळ्यात होते.

कावेरीच्या खोऱ्यात एक महसीर आहे. पाठीला उंचवटा, परांवर केशरी झाक, आणि वाढला तर पन्नास किलोच्याही पुढे जाणारा. जगात दुसऱ्या कोणत्याही खोऱ्यात तो मुळचा नाही. आपल्याकडच्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात त्याचा भाऊबंद राहतो, निळसर परांचा दख्खनी महसीर. धरणांमुळे आणि सुरुंगांमुळे महसीर संपत चालला म्हणून १९७०च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर या निळ्या महसीरचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. काम मोलाचे होते. मेहनतीने अंडी फलित करून लाखो पिले वाढवली गेली. ती पिले इतर राज्यांनाही दिली गेली आणि त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. महसीर वाचवायचा, एवढाच सगळ्यांचा हेतू होता. त्यात कुणाचा लोभ नव्हता.

कावेरीवर गालिबोरे नावाच्या ठिकाणी शिबिर होते. तेथे हौशी लोक परवाना घेऊन गळाने महसीर धरत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. प्रत्येक मासा वहीत लिहिला जाई: कोणता, किती वजनाचा, किती तास गळ टाकल्यावर मिळाला. १९९८ ते २०१२ या काळातल्या या वह्या संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा अस्वस्थ करणारे चित्र दिसले. मासे मिळण्याचे प्रमाण वाढत होते. वरवर पाहणाऱ्याला नदी सावरते आहे असेच वाटले असते. पण वाढत होता तो बाहेरून आलेला निळा महसीर. मुळचा केशरी, उंच पाठीचा मासा वहीतून नाहीसा होत चालला होता. २०१८मध्ये त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली आणि जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. वाळूउपसा, धरणे, सुरुंग यांचाही त्यात हात आहे. पण त्याच संकटांना तोंड देत निळा महसीर वाढला आणि केशरी हरला, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

या कथेतून मला दोन गोष्टी दिसतात, आणि आजचे सगळे म्हणणे त्या दोहोंवर उभे आहे.

पहिली सीमेची. २०२२मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि आक्रमक परक्या प्रजातींवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पाऊल चांगले आहे. पण त्यातली व्याख्या वाचा. जी प्रजाती मूळची भारतातली नाही, तीच परकी. या व्याख्येने कावेरीतला निळा महसीर परका ठरतच नाही, कारण तो भारतीय आहे. माशाला देशाची सीमा माहीत नसते. त्याचे जग म्हणजे त्याचे खोरे. रोहू आणि कटला आपल्याला घरचे वाटतात, पण ते गंगेकडचे. भीमा-कृष्णेत ते माणसाने आणले. तेव्हा सीमा आखायची तर ती खोऱ्याची असायला हवी. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे. म्हणजे हे काम दिल्लीने करावे असे म्हणत बसण्याची गरज नाही, ते मुंबईत होऊ शकते.

कोणत्या पाण्यात कोणता मासा गेला, यावर सगळे अवलंबून असते. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, हा चीनकडचा मासा. १९७१च्या पुरात तो मत्स्यफार्मातून निसटून हिमाचलमधल्या गोविंदसागरात शिरला आणि काही वर्षांत तेथल्या कटल्याला मागे सारून त्याने तलाव व्यापला. हाच मासा अमेरिकेत १९७०च्या दशकात मत्स्यतळ्यांसाठी नेला गेला. आज त्याला पंचमहासरोवरांत शिरू न देण्यासाठी शिकागोजवळच्या कालव्यात विजेचे अडथळे उभारले आहेत. आपल्याकडे मात्र त्याचे बीज रीतसर संवर्धनासाठी वापरले जाते. बंदिस्त शेततळ्यात त्याला माझी हरकत नाही. पण शेततळे नदीच्या पूररेषेत असेल, तर ते बंदिस्त म्हणायचे कसे?

आता उजनी. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत भीमेचे पाणी पसरले. आज उजनीकाठच्या भिगवणला उतरून चिलापी खाल्ली नाही असा मनुष्य या सभागृहात क्वचित असेल. चिलापी म्हणजे तिलापिया, मुळात आफ्रिकेतली. तिची एक जात १९५२ साली भारतात आली आणि १९५९पर्यंत तिचा प्रसार थांबवावा असे सरकारी समितीनेच म्हटले होते. तोवर उशीर झाला होता. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, घाण पाण्यातही तग धरते, आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून उजनीत येत असताना तिला दुसरे काय हवे? वाम, मरळ, आहेर, कानस, शिंगटा ही नावे जुने भोई अजून घेतात, पण नव्या पिढीच्या जाळ्यात ती कमीच येतात.

पण चिलापीवर आज हजारो घरांची चूल पेटते. तिला शत्रू ठरवून कायदा करू नका, असे मी कळकळीने सांगेन. जो कायदा मच्छीमाराच्या ताटातला घास काढून नदी वाचवू पाहतो, तो पाळला जात नाही आणि तो पाळला जाऊही नये.

चिलापीला निदान भाव तरी आहे. आता उजनीत सकर मासा येतो आहे, ज्याला आपले लोक हेलिकॉप्टर म्हणतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा घरातल्या काचेच्या टाक्या स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जातो. मोठा झाला, टाकीत मावेना, की लोक त्याला नदीत सोडून देतात, आणि पुण्य केल्यासारखे घरी जातात. त्याचे अंग चिलखतासारखे कडक, परांचे काटे टोकदार. तो जाळ्यात आला की जाळे फाटते, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. काठ पोखरून तो बिळे करतो. आफ्रिकन मांगूर हा असाच दुसरा प्रश्न. त्याच्यावर २०००पासून बंदी आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्यावर आदेश दिले आहेत. तरी तो चोरून पाळला जातो, कारण तो कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर वाढतो आणि झटपट पैसा देतो.

येथे मी कावेरीतल्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. ती वहीची. केशरी महसीर संपतो आहे हे कळले, ते परवान्याबरोबर वही होती म्हणून. त्या शिबिराची गळ-मासेमारी थांबली तेव्हा ती नोंदही थांबली. आपल्याकडच्या परवान्यात मात्र नाव, शुल्क आणि मुदत यांपलीकडे फारसे काही नसते. नोंद मिळालीच तर टनांत मिळते. टन चिलापीचे की मरळीचे, हे त्यात दिसत नाही. टन वाढले तर आपण खूश, आणि खाली पाण्यात काय चालले आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून नियम बदलायचे तर परवान्यालाच नवे काम द्यावे लागेल. मच्छीमाराने जातवार नोंद द्यावी. वहीत जमले नाही तर फोनवरून फोटो पाठवावा. अनोळखी मासा सापडला की तो कळवावा. आणि पाण्यात बीज टाकणाऱ्यालाही, मग तो ठेकेदार असो, संस्था असो की खुद्द मत्स्यव्यवसाय विभाग, वेगळा परवाना लागावा: कोणत्या खोऱ्यात, कोणती जात, कोणत्या केंद्रातली बोटुकली, किती. शोभेच्या माशांच्या दुकानदाराने नकोसा झालेला मासा परत घेण्याची हमी दिल्याशिवाय त्याला विक्रीचा परवाना मिळू नये. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सकर माशापुरती सर्वांत परिणामकारक ठरेल असे मला वाटते.

याला मच्छीमारांचा आक्षेप असेल आणि तो रास्त आहे. किती मासा मिळाला हे लिहून दिले की उद्या त्यावर शुल्क वाढेल, ही भीती खरी आहे. म्हणून नोंदीचा वापर शुल्कासाठी होणार नाही, असे नियमातच लिहिले पाहिजे. सकर माशाने फाडलेल्या जाळ्याची भरपाई आणि पकडलेल्या सकरला किलोमागे मोबदला, हेही त्याच नियमात यावे. नाहीतर कष्टाने सोडवलेला मासा पुन्हा पाण्यातच जाईल, कारण त्याला काठावर नेऊन टाकायलाही श्रम लागतात.

उजनीतला सकर आता काढून टाकता येईल, असे मी सांगणार नाही. एवढ्या मोठ्या पाण्यातून बस्तान बसवलेला मासा माणसाला सहसा हटवता येत नाही. अजून जेथे तो पोहोचलेला नाही अशी लहान धरणे, गावतळी आणि विदर्भातले माजी मालगुजारी तलाव आपल्या हातात आहेत. ढीवर समाजातल्या बायकांनी गोंदिया-भंडाऱ्याकडे अशा तलावांतून बेशरमची झाडे उपटून, स्थानिक पाणवनस्पती लावून देशी मासळीसाठी जागा केली आहे. त्या तलावांत कोणते बीज जाते, यावर ते श्रम टिकतील की नाही हे ठरेल.

पावसाळ्याबरोबर मत्स्यबीज सोडण्याचा हंगाम सुरू होतो. तुमच्या गावच्या मच्छीमार संस्थेची सभा त्याआधी असते. बीज कोणत्या जातीचे, कुठून आणले, किती टाकले, हे त्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. त्यासाठी विधानसभेची वाट पाहावी लागत नाही. पुढे कायदा बदलायला बसतील तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायला निदान पाच-दहा तलावांच्या वह्या तरी असतील.