दूरदर्शनचा एक दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला वाण घेऊन उभे राहणे निराळे आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहणे निराळे, हे आत्ता या क्षणी चांगलेच कळते आहे. कार्यवाहबाईंनी मला ‘टीव्ही आणि गृहिणी’ असा विषय दिला होता. त्यावर बोलायचे म्हणजे मालिकांतल्या सासवांना इथे नावे ठेवायची आणि घरी जाऊन त्याच मालिका पाहायच्या. तेव्हा त्यांची परवानगी घेऊन मी विषय जरा आवळला आहे. सन 2020 च्या ऑगस्टमधला एक मंगळवार, आणि त्या दिवशी आमच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत चाललेली दूरदर्शनची मराठी वाहिनी, एवढेच मी सांगणार आहे.

पण त्याआधी थोडे मागचे सांगायला हवे. दिल्लीला दूरदर्शनचा पहिला प्रयोग झाला तो 15 सप्टेंबर 1959 रोजी. आपल्या मुंबईला केंद्र आले ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी. मी तेव्हा दहा वर्षांची होते. गिरगावातल्या आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही आला. लाकडी कपाटासारखा, सरकत्या दारांचा. त्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, हे आजच्या मुलींना सांगितले तर त्या हसतात. कार्यक्रम संध्याकाळीच असत. त्या घरच्या काकूंचा नियम असा, की पाय धुऊन यायचे आणि जागा असेल तोवरच आत बसायचे. आमचे बिऱ्हाड चाळीच्या पार टोकाला, त्यामुळे मी पोचेपर्यंत जागा भरलेली असे. मग गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजांतून पाहायचे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’, बायकांसाठी ‘सुंदर माझं घर’, हसायला ‘गजरा’. पुढे चित्रपटांत गाजलेल्या स्मिता पाटील त्या वेळी मराठी बातम्या वाचत. आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ तर नुसता पाहून सोडून द्यायचा कार्यक्रम नव्हता. तो पाहणाऱ्यांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली आणि कामे केली. शेतीतले आम्हां चाळकऱ्यांना काय कळणार! पण भातावरची कीड कशी ओळखावी हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होते. घरात नळाचे पाणी दोन तास, आणि ज्ञान ठिबक सिंचनाचे, असे माझे वडील म्हणत.

ती सारी वर्षे मी गजांबाहेरून टीव्ही पाहिला, हे लक्षात ठेवा. माझ्या मात्र ते लक्षात राहिले नाही, म्हणून तर पुढचे घडले.

आता 2020 सालाकडे येते. मार्चअखेर सगळे बंद झाले. शाळा बंद, लोकल बंद, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायाही बंद. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे घर मागच्या गल्लीत, पत्र्याचे. नवरा रिक्षा चालवी, ती दारात उभी. मुलगी चौथीत. आम्ही सगळे तिला छोटीच म्हणत असू. शाळा मोबाईलवर सुरू झाली, पण घरात एकच साधा फोन. टीव्ही होता, तो जूनच्या पावसात पत्र्यातून पाणी गळून कायमचा मिटला.

जुलै महिन्यात सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाले. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांना धरून, सोमवार ते शनिवार रोज सकाळी. एकेका इयत्तेचा वीस-पंचवीस मिनिटांचा पाठ. फळ्यापुढे उभे राहून शिकवणे त्यात नव्हते. घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करून पाहायचे, असा बेत होता. मोबाईल नको, इंटरनेट नको. ही वाहिनी केबलवर दिसते आणि दूरदर्शनच्या फुकट डिशवरही दिसते. सरकारी वाहिनी कोण पाहते, असे आपण विचारतो ना? ज्याच्या घरी दुसरे काही नाही, तो पाहतो. आणि त्या वर्षी त्याच्या घरी टीव्हीसुद्धा नसेल, तर?

आम्ही तळमजल्यावर राहतो. पुढच्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते. मी टेबल खिडकीशी ओढले, टीव्ही बाहेरच्या बाजूला वळवला आणि बाईंना निरोप दिला, की मुलीला पाठवा. छोटी साडेसातला यायची. गोणपाटाची घडी, प्लास्टिकच्या पिशवीत वह्या, तोंडाला आईच्या जुन्या साडीचा मास्क. तिचा पाठ एकच, पण ती पहिलीपासून आठवीपर्यंत सगळे पाठ पाहायची. आठवीचे काय कळते तुला, असे मी विचारले तर म्हणाली, “नाही कळत, पण पुढे येणारच आहे ना.” पाठात काही करून पाहायचे असले, की गजांतून हात पुढे यायचा. “काकू, वाटी.” “काकू, मूठभर तांदूळ.” मी द्यायची, आणि परत आले की साबणाने धुऊन ठेवायची. ते दिवस तसेच होते. आतल्या बाजूला आरसा लावून माझ्या सासूबाई तोच पाठ पाहत. टीव्हीची पाठ त्यांच्याकडे, म्हणून आरसा! अक्षरे उलटी दिसतात म्हणून कुरकुर करीत, पण उत्तरे छोटीच्या आधी देत. त्यांचे वय 84, आणि शिक्षण चौथी.

असे आठ-दहा दिवस गेले. मग इमारतीतल्या एका भगिनीचा फोन आला. बाहेरची मुलगी रोज ओट्यावर बसते, उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची? त्यांच्या घरी दम्याचे जुने दुखणे होते. त्यांची भीती खोटी नव्हती, आणि मी त्यांना आजही दोष देत नाही. दोष माझा. मी त्यांना समजावायला हवे होते, काही तोड काढायला हवी होती. मी तसे काही केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी लावून घेतली. छोटी आली, तिने टकटक केले. मी आतूनच म्हणाले, “आज टीव्ही बंद आहे गं.” आणि नेमका तेव्हा आत सासूबाईंनी लावलेला अभंग चालला होता. तिला तो ऐकू जात होता. मलाही ठाऊक होते की तिला ऐकू जातो आहे. “बरं काकू,” म्हणाली आणि गोणपाट उचलून पावसातून गेली.

सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी शाळा सुटली तेव्हा मला कोणी रागावलं नव्हतं हो. उद्यापासून जायचं नाही, एवढंच सांगितलं होतं.” तो दिवस आणि त्यापुढचा दिवस खिडकी बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन मागच्या गल्लीत गेले. बाईंना काय सांगायचे ते घोकून गेले होते, पण त्यांनी विचारलेच नाही. “टीव्ही दुरुस्त झाला वाटतं वहिनी,” एवढेच त्या म्हणाल्या. मी हो म्हटले. परत आल्यावर ओट्यावर खडूने एक चौकोन काढला, वरच्या मजल्यावर जायच्या जिन्यापासून चांगला दूर, आणि त्या भगिनींना फोन करून सांगितले की मुलगी या चौकोनाबाहेर येणार नाही. त्या बऱ्या म्हणाल्या, पण आवाज खुशीचा नव्हता.

आता तो मंगळवार. सकाळी छोटीबरोबर तिची आईही आली आणि दूर उभी राहून म्हणाली, की नवऱ्याला तीन दिवस ताप आहे, त्याला तपासायला नेते, रांग मोठी असते, पोरगी इथेच बसू दे. ताप म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. हो म्हणायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. पण म्हणाले.

म्हणून त्या दिवशी पाठ संपल्यावरही टीव्ही चालूच राहिला. दुपारच्या बातम्या झाल्या. मग जुन्या नाट्यगीतांचे मुद्रण लागले. सासूबाई आरसा बाजूला ठेवून डोळे मिटून ऐकत बसल्या, आणि छोटी बाहेर मांडीवर ताल धरू लागली, चुकीचा. मग फोनवरून डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम. तो तिने वहीत काहीतरी लिहून घेत पाहिला. काय लिहितेस विचारले, तर “तापावर,” म्हणाली. मी खिचडी केली. ताट गजांतून जात नाही. मी दार उघडून ते ओट्यावर ठेवले आणि चार पावले मागे आले. मग ती पुढे होऊन घेऊन गेली. या वेळी तिला आत घ्यायला हवे होते असे आज वाटते. त्या दिवशी मला ते सुचलेही नाही, आणि सुचले असते तर धीर झाला नसता.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. इतक्या वर्षांनी मी पुन्हा भातावरची कीड पाहिली. ती मात्र आता रंगीत होती. पाऊस वाढला, ओटा भिजू लागला, छोटी चौकोनातच पाय जवळ घेऊन बसली. सात वाजता बातम्या लागल्या. तेव्हाच्या बातम्या कशा असत ते तुम्हांला आठवते: आज इतके रुग्ण सापडले, इतके बरे झाले, इतके दगावले. तिने सगळे आकडे ऐकून घेतले आणि मला विचारले, “काकू, यात माझे बाबा धरलेत का?”

मला उत्तर देता आले नाही. सासूबाईंनी दिले. “नाही गं, तुझ्या बाबांची अजून मोजणी व्हायची आहे,” आणि लगेच, “ते तिसऱ्या प्रकारात येतात, घरी येणाऱ्यांत.” असा प्रकार बातम्यांत नव्हता. पण तिने तो वहीत लिहिला.

साडेआठला बाई आल्या. करोना नव्हता, मलेरिया निघाला. पावसाळ्यात आपल्याकडे तो नेहमीचाच. एरवी मलेरिया ऐकून कोणी हुश्श केले असते का? त्या रात्री आम्ही ओट्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून केले.

पुढे ते पाठ संपले. महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते डिसेंबर 2021 मध्ये; तोवर छोटीची चौथी सरून गेली होती. ती पास झाली, तेव्हा सगळीच मुले पास झाली होती, पण तिला भागाकार येत होता. हे मी स्वतः तपासले आहे.

2022 च्या संक्रांतीला तिची आई तिला घेऊन तिळगूळ द्यायला आली. बाई आत आल्या. छोटी दारातच थांबली. ये ना आत, असे मी दोनदा म्हटले. ती खाली फरशीकडे पाहत उभी, जणू तिथे खडूची रेघ आहे. सासूबाई काठी टेकीत उठल्या, तिला मनगटाला धरून आणले, आपल्या खुर्चीवर बसवले आणि टीव्ही लावला. त्यांना कमी ऐकू येते म्हणून आवाज मोठा केला.

“आजी, एवढा मोठा नको,” छोटी म्हणाली. “आतून नीट ऐकू येतं.”