अवधूताचा शेवटचा गुरू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने मातीत राहणाऱ्या माश्यांवर का बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. पण हा विषय माझ्याकडे साहित्याच्याच वाटेने आला आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. एकनाथांनी या स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली आणि हे चोवीस गुरू मराठी माणसाच्या परिचयाचे झाले. त्यांतील पहिला गुरू पृथ्वी. शेवटचा पेशस्कृत, म्हणजे आपण जिला कुंभारीण म्हणतो तिच्या जातीचा कीटक. तो अळीला आणून घरट्यात कोंडतो, अळी भयाने त्याचेच चिंतन करते आणि अखेर तद्रूप होते, असा हा दृष्टान्त. भ्रमरकीटन्याय म्हणून तो आपल्या संतवाङ्मयात रूढ झाला.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. माशी अळीला नांगी मारते. अळी मरत नाही, लुळी पडते. त्यामुळे ती सडत नाही, ताजी राहते. माशी घरट्यात अंडे घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते, कोषात जाते आणि माशी होऊन बाहेर पडते. प्राचीनांनी अळी आत जाताना पाहिली आणि माशी बाहेर येताना पाहिली. त्यांचे पाहणे खोटे नव्हते. मधला भाग मातीच्या आड होता, आणि तो त्यांनी चिंतनाने भरून काढला. दृष्टान्त हा पुरावा नव्हे, म्हणून त्यातील परमार्थाला बाध येत नाही. तथापि वर्गात हा न्याय शिकविताना मातीआडची हकीकतही मुलांना सांगितली पाहिजे.

कुंभारणीच्या अनेक बहिणी भिंतीवर घर न बांधता जमिनीत बीळ खणतात. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळे नाही. एकेक मादी एकटीने खणते, एकटीने शिकार आणते. कोणी अळ्या आणते, कोणी नाकतोडे, कोणी कोळी. पोळ्याचे रक्षण करायचे नसल्याने त्या सहसा माणसाच्या अंगावर येत नाहीत.

मातीआडचा हा व्यवहार ज्यांनी धीराने पाहिला, त्यांत झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) अग्रगण्य होत. दक्षिण फ्रान्समधील हे शाळामास्तर. रातकिडा आणणारी एक माशी शिकार बिळाच्या तोंडाशी ठेवून आधी आत डोकावून येते. ती आत असताना फाब्रनी रातकिडा थोडा दूर सरकविला. तिने तो पुन्हा तोंडाशी आणला, आणि पुन्हा आत डोकावली. चाळीस वेळा हेच घडले. यावरून माशी म्हणजे यंत्र, असे म्हणून ते थांबू शकले असते. पण दुसऱ्या एका वसाहतीतील माश्या दोन-तीन वेळांनंतर शिकार सरळ आत नेताना दिसल्या, आणि तेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे नोंदविले. १८७९ मध्ये त्यांनी सेरिन्यां गावी जमीन विकत घेतली ती खडकाळ आणि ओसाड. कारण अशाच जमिनीत त्यांचे हे सोबती राहत.

मधमाश्यांची शिकार करणारी एक माशी वाळूत बीळ करते. शेकडो पावलांवरून परतताना तिला आपलेच दार कसे सापडते? हॉलंडच्या निको टिनबर्गेन यांनी ती आत असताना बिळाभोवती पाइनच्या बोंडांचे कडे मांडले. ती उडून गेल्यावर ते कडे थोडे बाजूला सरकविले. परतलेली माशी बिळाकडे न जाता कड्याच्या मध्यभागी उतरली! निघताना ती आसपासच्या खुणा पाठ करते, हे त्यातून सिद्ध झाले. टिनबर्गेन १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. बोंडे आणि धीर एवढेच या प्रयोगाचे भांडवल होते.

रानमाश्यांचेही असेच आहे. जगात मधमाश्यांच्या कुळातील सुमारे २०,००० जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक एकट्या राहतात आणि बहुतांश जमिनीतच घर करतात. शिकारीऐवजी त्या पराग आणि मकरंदाचा गोळा करून ठेवतात व त्यावर अंडे घालतात. आपल्याकडची निळ्या पट्ट्यांची माशी त्यांपैकीच. वांग्याच्या फुलातील पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. ही माशी फुलाला बिलगून अंग थरथरविते आणि तो झाडून घेते. पोळ्यातल्या मधमाशीला ही विद्या अवगत नाही. आपल्या ताटातील भरल्या वांग्यामागे अशा माश्यांचेही श्रम आहेत.

या साऱ्यांची मागणी एकच: उघडी, उन्हातली, न हलविलेली माती. आणि आपण तीच नाहीशी करीत आहोत. चिखल नको म्हणून अंगणे, देवळांची आवारे, शाळांची मैदाने सिमेंटने आणि फरशीच्या ठोकळ्यांनी झाकली जात आहेत. घरट्यावर फरशी बसली की आतल्या पिढीची वाट बंद होते. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे: स्वच्छता जरूर राखावी, पण आवाराचा एक उन्हाचा कोपरा मोकळा ठेवावा. तो खणू नये, त्यावर औषध फवारू नये. विद्यार्थ्यांनी तेथे वही घेऊन बसावे, कोण केव्हा आले, काय घेऊन आले ते टिपावे. अवधूताच्या गुरूंमध्ये एक बाण घडविणाराही आहे. राजाची मिरवणूक शेजारून गेली, तरी त्याला कळले नाही. ती एकाग्रता शिकविण्यास याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

यांतील बहुतेक माता आपले अपत्य कधी पाहत नाहीत. जो दिवस आपल्याला दिसणार नाही, त्याची शिदोरी बांधून त्या निघून जातात. आजच्या प्रसंगी यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. या सभागृहात गुरुजींचे अनेक विद्यार्थी बसले आहेत.

पहिला गुरू पृथ्वी आणि शेवटचा गुरू हा कीटक. पहिल्याला झाकून टाकले, तर शेवटचा राहणार नाही, एवढेच आपल्यापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.