हजार रुपये की औषधाची खिडकी?

(झाशी येथे निवृत्त रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



झाशीतल्या कितीतरी मराठी घरांची हयात रेल्वेत आणि पोस्टात गेली. २००३ साली आपला विभाग मध्य रेल्वेतून उत्तर मध्य रेल्वेत गेला. मुख्यालय बदलले, साहेब बदलले. निवृत्त माणसाची चिंता मात्र तीच राहिली : रोजची गोळी कुठून आणायची?

त्याबद्दल आज रोखठोक बोलणार आहे. आरईएलएचएस-९७ चे कार्ड असलेल्या निवृत्त रेल्वेवाल्याला रेल्वे रुग्णालयाच्या ओपीडीतून औषधे मिळतात. ज्याचे घर जवळच्या रेल्वे रुग्णालयापासून किंवा हेल्थ युनिटपासून अडीच किलोमीटरच्या बाहेर आहे, तो ओपीडी सोडून वैद्यकीय भत्ता मागू शकतो. हा भत्ता १९९७ साली १०० रुपये होता. २००८ मध्ये ३००, २०१४ मध्ये ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १००० रुपये झाला. भत्ता घेतला तरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्याचा हक्क जात नाही. जाते ती रोजच्या औषधाची खिडकी, आणि ती नवरा-बायको दोघांसाठी जाते.

आपल्यातल्याच एका निवृत्त फिटरची गोष्ट सांगतो. निवृत्तीच्या वेळी तब्येत ठणठणीत, म्हणून भत्ता घेतला. पुढे वहिनींना साखर निघाली, यांना रक्तदाब. औषधांचा खर्च महिन्याला २८०० रुपयांवर गेला. भत्ता वजा जाता १८०० रुपये पदरचे. ‘हातचे हजार कशाला सोडा’ म्हणत त्यांनी दोन वर्षे काढली. हिशेब मांडला तेव्हा ४३,२०० रुपये पेन्शनमधून गेले होते. त्या दिवशी त्यांनी ओपीडीसाठी अर्ज लिहिला.

म्हणून भत्ता वाईट, असे मी म्हणत नाही. चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यात एकटी राहणारी आपल्या गँगमनची विधवा खोकल्याच्या औषधासाठी अख्खा दिवस मोडून झाशीला का येईल? तिला भत्ताच बरा. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असतो. शेजाऱ्याने काय घेतले ते पाहून सही करू नका.

टपाल बंधूंसाठीही सांगतो. सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहणारा पेन्शनर वर्गणी भरून दाखल उपचारासाठी सीजीएचएस कार्ड आणि ओपीडीच्या बदल्यात भत्ता, अशी जोडी घेऊ शकतो. पुष्कळांना हे कोणी सांगतच नाही.

आता करायचे काय? नोव्हेंबरात आपण हयातीचा दाखला देतो. त्याच आठवड्यात घरात बसून दोघांच्या औषधांची यादी करा. महिन्याचा खर्च लिहा. रुग्णालयाला जाण्या-येण्याचे भाडे लिहा. जनऔषधी केंद्रात तेच औषध कितीला पडते ते विचारा. मग हजाराशी ताडून पाहा. काही जुनाट आजारांना भत्ता घेऊनही ओपीडीची सूट आहे. आपला आजार त्यात बसतो का, हे लेखी विचारून घ्या. पर्याय हा काही रोज बदलायचा सदरा नव्हे. कोरा फॉर्म सही करून कोणाच्या हाती देऊ नका, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्या.

आणखी एक. २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान कार्ड मिळते, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे, घरातल्या रोजच्या गोळ्यांसाठी नाही. सीजीएचएसवाल्यांना तर दोन्हींतून एकच निवडावे लागते. नव्या कार्डाच्या हौसेने जुना हक्क सोडू नका.

जे अजून नोकरीत आहेत त्यांनी निवृत्तीच्या कागदांतच आरईएलएचएसची एकरकमी वर्गणी भरून टाकावी. ते पैसे वाचवणे म्हणजे छप्पर विकून छत्री घेणे.

भत्ता वाढलाच पाहिजे, खिडकीवर औषध मिळालेच पाहिजे, यासाठी युनियन लढेल. १०० चे १००० आपोआप झालेले नाहीत. पण घरातला हिशेब युनियन करू शकत नाही. तो तुम्ही करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी युनियनच्या कचेरीत या, आपण मिळून करू.

कामगार एकजुटीचा विजय असो!