काल्पनिक प्रदेशाचा नकाशा

कधींच नसलेल्या राज्यांचे नकाशे हल्लीं कित्येक तरुण संगणकावर स्वहस्तें रेखितात व आपणांपुढें धरून विचारतात, "कसा आहे?" आपण "छान!" म्हणून मोकळे होतों. महिनाभर खपलेल्या त्या बिचाऱ्यास या 'छान'चा कांहींएक उपयोग नाहीं.

टॉल्किन या इंग्रज ग्रंथकाराच्या मिडल-अर्थचा, पॉलीन बेन्स या चित्रकर्त्रीनें काढलेला नकाशा १९७० सालीं प्रसिद्ध झाला. तिच्यासाठीं टॉल्किननें आपल्या मुलानें पूर्वीं रेखिलेल्या नकाशाच्या छापील प्रतीवर हिरव्या शाईनें व पेन्सिलीनें टिपणें केलीं. ती प्रत २०१५ सालीं उजेडांत आली. हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आहे. दक्षिणेकडील हरादच्या कोऱ्या चौकटींत हत्ती व उंट शोभतील. एवढ्यावरून हवा, झाडें, पोशाख सारें चित्रकारास उमगतें.

अभिप्रायही असाच नेमका हवा. नदी उगमापासून बोटानें खालीं न्यावी. वाटेंत दुभंगून ती दोन समुद्रांस मिळाली, तर तेथेंच थांबावें. नद्या एकमेकींस मिळतात, फुटतात त्या बहुधा मुखाजवळ. वारा समुद्रावरून येतो, तर डोंगरापलीकडे एवढें घनदाट अरण्य कसें, हें विचारावें. (सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्यांस हें सांगावयास नको.) नांवें छापल्यावर वाचतां येतील काय, तेंही पाहावें.

नकाशा रंग भरण्यापूर्वींच दाखविलेला बरा. पर्वत उचलून दुसरीकडे ठेवणें संगणकावर सोपें. रंगविलेला पर्वत हलविण्यास मात्र मन घेत नाहीं. "नदी जादूनें उलटी वाहते," असें तो म्हणाला, तर तेंही मान्य करावें. फक्त ती जादू कोणाची, एवढें त्यास विचारावें.