दाद आणि सम

कलावंताच्या कौतुकासाठी मराठीत सर्रास वापरला जाणारा ‘दाद’ हा शब्द फारसीतून आला असून मूळ भाषेत त्याचा अर्थ ‘न्याय’ असा होतो. न्यायालयात दाद मागणे, खेपा घालूनही कचेरीत दाद न लागणे, या प्रयोगांत तो अर्थ आजही शाबूत आहे. चिवट आजार औषधाला दाद देत नाही असे म्हणताना मात्र दाद देणे म्हणजे जुमानणे. मैफलीतील श्रोता कलावंताला प्रतिसाद देतो आणि त्याच प्रतिसादातून त्याच्या मेहनतीला न्यायही देतो, म्हणून दाद ही टाळ्यांच्या कडकडाटाहून अधिक जबाबदारीची गोष्ट आहे.

हिंदुस्थानी संगीतात ही जबाबदारी पार पाडायची तर सम ओळखता यावी लागते. तालाच्या एका पूर्ण फेऱ्याला आवर्तन म्हणतात आणि त्याच्या पहिल्या मात्रेला सम. 16 मात्रांच्या त्रितालात पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी असते, तर नवव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला नेतात. तिला काल किंवा खाली असे नाव आहे. तबल्याचा साधा ठेका लक्ष देऊन ऐकला, तर कालानंतर डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतील खर्जाच्या वाद्याची, घुमार काही मात्रा थांबते आणि चौदाव्या मात्रेला परत येते, हे नवख्या कानालाही कळते. ती परतली की सम जवळ आली. तिहाई म्हणजे एकच बोलसमूह तीनदा घेऊन त्याचा शेवटचा आघात बहुधा समेवर आणणे. तिच्या पहिल्याच फेरीला टाळ्या वाजवणे म्हणजे सुनावणी संपण्याआधी निकाल देण्यासारखे आहे, कारण सारे कौशल्य त्या अखेरच्या आघातात असते.

विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतील विस्तारात, स्वर अजून लांबत असताना हलकासा ‘वा’ पुरतो. संगीत नाटकाचे प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देऊन पद पुन्हा गाऊन घेतात, तर मुशायऱ्यात, म्हणजे उर्दू काव्याच्या मैफलीत, त्याच इच्छेने ‘मुकर्रर’ म्हटले जाते. या दोन्ही ठिकाणी मोकळा, मोठा आवाज शोभतो, ख्यालात तो स्वर झाकून टाकतो.

नभोवाणीवर त्रितालातील बंदिश लागेल तेव्हा श्रोत्यांनी मात्रा बोटांवर मोजाव्यात, डग्गा परतण्याकडे कान द्यावा आणि समेवर आल्यावर, घरात एकटे असले तरी, मोकळेपणाने दाद द्यावी.